कानबाईच्या जागरणापासून पीएच.डी.च्या अर्जापर्यंत

साक्री तालुक्यातल्या एका मुलीचा गेल्या महिन्यात फोन आला. विशारद झालेली, एम.ए. संगीताच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणाली, "ताई, मला आपल्याकडच्या गाण्यांवर मोठ्या विद्यापीठात संशोधन करायचंय. कोणालाही विचारलं की म्हणतात, आधी रियाज कर. मी नेमकं करू काय?" तासभर बोललो, तरी निम्मं सांगायचं राहिलंच. ते सगळं इथे लिहिते.

मी शिंदखेडा तालुक्यातली, तापीकाठच्या गावातली. धुळ्याला शिकले, पुढे अमेरिकेतल्या एका विद्यापीठातून एथ्नोम्युझिकॉलॉजीत, म्हणजे माणसांत जाऊन त्यांच्या संगीताचा अभ्यास करायच्या शास्त्रात, पीएच.डी. केली. पहिल्या वर्षी सहा ठिकाणी अर्ज केले, सहाही ठिकाणांहून नकार आला. दुसऱ्या वर्षी दोन ठिकाणी प्रवेश मिळाला, पूर्ण फेलोशिपसकट. माझा गळा तोच होता, मार्क तेच होते. बदलली होती ती मुख्य गोष्ट एकच, माझा संशोधनाचा प्रश्न, आणि त्याच्याबद्दलच मला जास्त सांगायचं आहे.

हा विषय गाण्याचा नाही, गाण्याबद्दल विचारण्याचा आहे

"रियाज कर" हा सल्ला खोटा नाही, पण तो गायक व्हायचं असेल त्याच्यासाठी. संशोधनाच्या प्रवेशाला तुमचा बडा ख्याल कोणी ऐकत नाही. तुम्ही काय ऐकता, कसं ऐकता आणि ऐकलेलं शब्दांत कसं मांडता, हे बघतात.

म्युझिकॉलॉजी, म्हणजे संगीतशास्त्र, हे विद्यापीठीय शास्त्र म्हणून उभं राहिलं एकोणिसाव्या शतकात. गिडो आडलर या अभ्यासकाने १८८५ मध्ये त्याची ऐतिहासिक आणि पद्धतशीर अशी विभागणी मांडली. ऐतिहासिक शाखेत हस्तलिखितं, स्वरलेखन, ग्रंथ, छापील संगीत यांच्या आधाराने काम चालतं. एथ्नोम्युझिकॉलॉजी हे नाव पुढे रूढ झालं ते याप कुन्स्ट या डच अभ्यासकाच्या १९५० च्या लेखनातून, आणि १९५५ मध्ये अमेरिकेत या विषयाची संस्था स्थापन झाली. इथे अभ्यासक माणसांत जाऊन बसतो, त्यांच्याबरोबर गातो, वाजवतो, ध्वनिमुद्रण करतो, मुलाखती घेतो, आणि हे संगीत या माणसांच्या जगण्यात काय काम करतं हे शोधतो. मराठीत अशोक रानडे यांनी या विषयावर भरपूर लिहिलं आहे. इंग्रजी पुस्तकांकडे वळण्याआधी ते वाचा. आपल्या भाषेत एकदा विषय डोक्यात बसला की इंग्रजी सोपं जातं, हा माझा अनुभव आहे.

दोन्ही वाटांना खान्देशात सामान आहे. ऐतिहासिक बाजूला जायचं असेल तर धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिर आहे, दोन्हीकडे जुनी हस्तलिखितं जपलेली आहेत. पदांची जुनी बाडं हातात घेऊन बघा. पदाच्या डोक्यावर कधी रागाचं, कधी चालीचं नाव लिहिलेलं असतं. ती चाल त्या काळी कोण गात होतं, कीर्तनातून ती कुठे कुठे फिरली, हा सरळ संगीताच्या इतिहासाचा प्रश्न आहे. माझी वाट दुसरी होती, म्हणून पुढचं बहुतेक त्याच वाटेचं.

काय आवडतं ते नाही, काय कळत नाही ते लिहा

पहिल्या वर्षीच्या माझ्या अर्जातल्या उद्देशाच्या निवेदनाची सुरुवात अशी होती: मला लहानपणापासून संगीताची आवड आहे, आमच्या खान्देशची लोकपरंपरा समृद्ध आहे आणि ती लोप पावत चालली आहे, तिचं जतन झालं पाहिजे. यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण हेच वाक्य राजस्थानातली मुलगी लिहू शकते, केरळातला मुलगा लिहू शकतो. वाचणाऱ्याला त्यात पुढे पाच वर्षं शोधत राहावं असं काही सापडत नाही.

नकार आल्यावर मी माझ्या एका जुन्या सरांकडे गेले. त्यांनी माझं निवेदन वाचलं आणि विचारलं, "कानबाईच्या गाण्यात तुला काय कळत नाही?" मला उत्तरच देता येईना. मी ती गाणी जन्मापासून ऐकलेली. न कळण्यासारखं काय असणार? सर म्हणाले, "या श्रावणात जा आणि न कळणारं काहीतरी घेऊन ये."

कानबाई ही खान्देशची देवी, आपल्याला सांगायला नको. नागपंचमीनंतरचा रविवार, घरात कानबाईची स्थापना, रोटांचा नैवेद्य, रात्रभर जागरण, सोमवारी विसर्जन. त्या वर्षी मी पहिल्यांदा रेकॉर्डर घेऊन बसले. बायकांच्या दोन रांगा समोरासमोर. एक रांग ओळ म्हणते, दुसरी तीच ओळ उचलते. ऐकताना एक गोष्ट कानाला टोचायची: पहिल्या रांगेची ओळ संपायच्या आतच दुसरी रांग सुरू व्हायची. शेवटची दोन-तीन अक्षरं एकमेकांवर चढायची. विशारद झालेला माझा कान त्याला चूक म्हणत होता. आमच्या वर्गात कोणी असं मध्येच उचललं असतं तर बोलणी बसली असती.

घरी येऊन ते मुद्रण संगणकावर टाकलं. सॉनिक व्हिज्युअलायझर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात आवाजाची लाट डोळ्यांनी दिसते आणि सूर न बदलता वेग कमी करता येतो. एकाच गाण्याच्या चाळीस ओळी मी निम्म्या वेगाने ऐकल्या आणि दुसरी रांग कुठल्या अक्षरावर उचलते ते वहीत लिहीत गेले. जवळजवळ प्रत्येक वेळी जागा तीच. म्हणजे चूक नव्हती, रीत होती. मग रात्रीची पुढची गाणी ऐकताना दुसरी गोष्ट दिसली. मध्यरात्रीनंतर ही चढाई वाढत गेली होती. रात्री दहाला दोन अक्षरं, तीनच्या सुमाराला चार-पाच. दमलेल्या बायकांचा श्वास ओळीच्या शेवटाला पुरत नव्हता, आणि समोरची रांग तो शेवट आपल्या आवाजाखाली घेत होती.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या गल्लीतल्या एका आजीला विचारलं, तुम्ही आधीच का उचलता? तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "गानं तुटाले नको, बाई."

तिथे मला माझा प्रश्न मिळाला. गाणं तुटणं म्हणजे काय? कोणाच्या कानाने ते ठरतं? रात्रभर गाणं न तुटू देणं हा भक्तीचा भाग आहे की गायकीचा, आणि त्या बायका असा फरक करतात तरी का? आणि मिरवणुकीत तीच चाल बँडवर किंवा डीजेवर वाजते तेव्हा दुसऱ्या रांगेचं काय होतं? मशीन दमत नाही, त्याला ओळ उचलून घेणारं कोणी लागत नाही. मग बायका त्या चालीवर काय करतात? माझा अख्खा प्रबंध या प्रश्नांतून निघाला.

ॲलन मेरियम या अमेरिकी अभ्यासकाने १९६४ मध्ये एक त्रिसूत्री मांडली होती: संगीताबद्दलच्या लोकांच्या कल्पना, संगीत करतानाचं त्यांचं वागणं, आणि प्रत्यक्ष नाद. आता ती जुनी झाली आणि तिच्यावर टीकाही भरपूर झाली, तरी प्रश्न घडवायला मला ती अजून उपयोगी वाटते. माझ्या उदाहरणात नाद म्हणजे ती चढलेली अक्षरं, वागणं म्हणजे दोन रांगा आणि दमलेला श्वास, कल्पना म्हणजे "तुटाले नको". तुमच्याकडे तिन्हींबद्दल एकेक खरं निरीक्षण असेल तर तुमच्या हातात प्रश्न आहे.

अजून एक उदाहरण देते, म्हणजे सगळ्यांनी कानबाईवरच उडी मारायला नको. साक्री-पिंपळनेरच्या पट्ट्यात कोकणा समाजात थाळीवर कथा सांगतात. काशाच्या थाळीच्या मध्यभागी मेणाने एक काडी उभी चिकटवलेली असते. कथा सांगणारा ती काडी बोटांच्या चिमटीतून वरून खाली ओढत राहतो आणि थाळीतून एक सलग घुमणारा सूर निघतो. त्या सुरावर कथा चालते. आता हे वाद्य कुठल्या वर्गात घालाल? नाट्यशास्त्रात तत (तारांची), सुषिर (फुंकायची), अवनद्ध (चामडं ताणलेली) आणि घन (स्वतःच नादणारी, टाळ-झांजेसारखी) असे चार वर्ग आहेत. ब्रुसेल्सच्या संग्रहालयात माहियों यांनी वाद्यांची मांडणी करताना याच चौकटीचा आधार घेतला, आणि पुढे १९१४ मध्ये हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी जगभर वापरलं जाणारं वर्गीकरण केलं. त्यानुसार थाळी घनवाद्य, त्यातही घर्षणाने वाजणारं. पण घनवाद्य म्हटलं की आपल्या मनात टाळ येतो, झांज येते, लयीचं काम येतं. ही थाळी तर तंबोऱ्याचं काम करते. मग वाद्य ओळखायचं ते कशाने बनलंय यावरून, की ते गाणाऱ्याला काय देतं यावरून? यावर पिंपळनेरचा मुलगा जे लिहील ते बर्लिनच्या ग्रंथालयात बसून लिहिता येणार नाही.

ध्वनिमुद्रण आजपासून सुरू करा

अर्जाला मुद्रण जोडायला सांगतीलच असं नाही, पण अर्जाला जोडायचा लेखन-नमुना, म्हणजे तुमच्या संशोधनलेखनाची काही पानं, त्यातूनच उभा राहतो. हातात फोन असेल तर फोनने सुरू करा, फक्त मूळ फाइल जपा. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली फाइल दबून येते, तिच्यात अक्षरांच्या कडा हरवतात. जमलं तर छोटा हँडी रेकॉर्डर घ्या, दोघा-तिघांत मिळून घेतला तरी चालेल. वेव्ह फॉरमॅट, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. या मापाने स्टिरिओ मुद्रणाला तासाला साधारण १ जीबी जागा लागते, म्हणजे जागरणाच्या रात्रीला ८-१० जीबी. कार्ड आणि सेल जास्तीचे ठेवा. माझे सेल पहिल्या वर्षी पहाटे चारला संपले आणि सगळ्यात चांगलं गाणं त्यानंतर झालं.

सुरू करताना स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, प्रसंग आणि कोण गातंय ते बोलून ठेवा. वही हरवते, फाइलचं नाव बदलतं, पण मुद्रणाच्या आत बोललेलं कुठे जात नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावरची गाणी मुद्रित करायची असतील तर माइकवर फोमचं किंवा केसाळ टोपण हवंच. वैशाखातला वारा पूर्ण मुद्रण खाऊन टाकतो. आणि झोक्याबरोबर आवाज जवळ-लांब होतो तो दोष समजू नका, ते गाणं झोक्यावरचंच आहे.

परवानगी आधी. नंतर नाही. "ताई, मी हे रेकॉर्ड करते, माझ्या अभ्यासाला वापरीन, इंटरनेटवर टाकणार नाही, टाकायची वेळ आली तर परत विचारीन" एवढं स्पष्ट बोला, अहिराणीत बोला, आणि ते बोलणंही मुद्रित होऊ द्या. आदिवासींच्या डोंगऱ्यादेवासारख्या व्रतात तर कुठल्या गोष्टी बाहेरच्याने बघायच्या आणि कुठल्या नाही हे तिथली मंडळी सांगतील तेच अंतिम. मार्गशीर्षात मी एका पाड्यावर तीन रात्री बसले. दोन रात्री रेकॉर्डर पिशवीतच होता, कारण तो काढू नको असं सांगितलं होतं. पावरीचा सूर मी त्या दोन रात्री नुसता ऐकला, आणि त्या वाद्याबद्दल मला जे कळलं त्यातलं बरंच त्या दोन रात्रींचं आहे.

अमेरिकेत गेल्यावर माणसांवरच्या संशोधनाला विद्यापीठाच्या नैतिकता समितीची रीतसर मंजुरी घ्यावी लागते. ती सवय इथूनच लागली तर तो फॉर्म डोंगराएवढा वाटत नाही.

अर्जातले कागद

लेखन-नमुना साधारण १५ ते २५ पानांचा मागतात. एम.ए.चा लघुप्रबंध तसाच्या तसा जोडू नका. आपल्याकडच्या लघुप्रबंधात पहिली चाळीस पानं जिल्ह्याची भौगोलिक माहिती आणि लोकसंगीताच्या व्याख्या यांतच जातात. एकच प्रकरण घ्या, एकच गाणं घ्या, त्यातली एकच गोष्ट सिद्ध करा. माझा दुसऱ्या वर्षीचा नमुना त्या चाळीस ओळींवर होता, अठरा पानं. स्वरलेखन भातखंडे पद्धतीत केलं तरी चालतं, मी तसंच केलं. मात्र खाली एक परिच्छेद लिहिला की या पद्धतीत दोन रांगांचे एकमेकांवर चढलेले आवाज मांडता येत नाहीत, म्हणून मी दोन ओळी एकाखाली एक धरून वेळेच्या मापाने आखल्या. नंतर मुलाखतीत प्राध्यापकांनी सर्वांत जास्त त्याच परिच्छेदाबद्दल विचारलं. पद्धत कुठे अपुरी पडते हे तुम्हाला दिसलं, याची तिथे किंमत आहे.

पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन मात्र वाचता यायला हवं. बऱ्याच विभागांत प्रवेशानंतर पाश्चात्त्य संगीताच्या सिद्धांताची चाचणी घेतात आणि कमी पडलात तर जादा वर्ग करावे लागतात. रोज अर्धा तास दिला तर सहा महिन्यांत वाचनापुरतं येतं. हार्मोनियम असेल तर त्यावरच शिका.

उद्देशाचं निवेदन दोन पानांचं. पहिल्या परिच्छेदात प्रश्न, आणि तो तुम्हाला कसा सापडला ते. मग आतापर्यंत त्यावर काय केलं. मग तिथल्या कोणत्या एक-दोन प्राध्यापकांबरोबर काम करायचं आहे आणि का. यासाठी त्यांचं लेखन खरोखर वाचलेलं असावं. सप्टेंबरच्या सुमाराला त्यांना छोटा ईमेल करा: मी कोण, प्रश्न काय, तुम्ही यंदा विद्यार्थी घेणार आहात का. हा शेवटचा प्रश्न विचाराच. अलीकडे काही अमेरिकी विद्यापीठांनी मानव्यविद्यांतले पीएच.डी. प्रवेश कमी केले, काहींनी एखाद्या वर्षासाठी थांबवलेही. विभाग बंद असताना फी भरणं म्हणजे पैसा पाण्यात.

शिफारसपत्रं तीन. आपल्याकडे सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." तसं करू नका. त्याऐवजी सरांकडे बसा, तुमचा नमुना त्यांना वाचायला द्या, आणि वर्गात किंवा गावात तुम्ही केलेल्या कामातले दोन-तीन प्रसंग त्यांना आठवून द्या. त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं साधं इंग्रजी पत्र गुळगुळीत पत्रापेक्षा चांगलं. सरांचा कॉलेजचा ईमेल असेल तर तोच द्या, पत्र ऑनलाइन त्यांच्याकडूनच मागवतात.

कागदपत्रांत एका गोष्टीकडे लक्ष द्या. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, पासपोर्टवर नावांची मांडणी वेगळी. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर गुंता अजून वाढतो. पासपोर्ट काढतानाच मार्कशीट समोर ठेवा आणि अर्जात सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव लिहा. ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी, विद्यापीठाकडे ऑगस्टमध्येच अर्ज टाका. तीन वर्षांच्या बी.ए.वर काही ठिकाणी थेट पीएच.डी.ला घेत नाहीत, पुढे एम.ए. केलेलं असेल तर ती अडचण सहसा राहत नाही.

इंग्रजीसाठी आयईएलटीएस परीक्षेत ७ च्या आसपास धरून चला. जीआरई ही प्रवेशाची परीक्षा बऱ्याच संगीत विभागांनी बंद केली आहे, तरी प्रत्येक विभागाचं पान उघडून खात्री करा. आणि भाषांच्या रकान्यात अहिराणी लिहायला लाजू नका. मी पहिल्या वर्षी फक्त मराठी, हिंदी, इंग्रजी लिहिलं होतं. दुसऱ्या वर्षी अहिराणी सगळ्यात वर लिहिली, कारण माझं क्षेत्रकार्य, म्हणजे गावात लोकांत राहून करायचं काम, त्या भाषेत होणार होतं. भिली, पावरा समाजाची पावरी, कोकणा समाजाची कोकणी बोलणाऱ्यांनीही हेच करावं. तिथले विद्यार्थी दोन-तीन उन्हाळे घालवून क्षेत्राची भाषा शिकतात, तुम्ही ती आईच्या मांडीवर शिकलात.

कुठे, आणि पैसा

अमेरिकेत पीएच.डी. साधारण पाच-सहा वर्षांची. पहिली दोन-तीन वर्षं अभ्यासक्रम, मग पात्रता परीक्षा, मग क्षेत्रकार्य, मग प्रबंध. चांगल्या विद्यापीठांत पीएच.डी.ला फी माफ असते आणि शिकवण्याच्या बदल्यात महिना भत्ता मिळतो. नुसत्या एम.ए.ला मात्र बहुतेक ठिकाणी पैसे भरावे लागतात, म्हणून शेती गहाण टाकून एम.ए.ला जाऊ नका. हे मी माझ्या सख्ख्या भावाला सांगितलं असतं तसं सांगते आहे. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये एथ्नोम्युझिकॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठात लोकसाहित्य आणि एथ्नोम्युझिकॉलॉजी एकाच विभागात आहेत आणि जुनं, मोठं ध्वनिसंग्रहालय आहे. आपल्यासारख्या गाणं आणि कथा एकत्र असलेल्या विषयांना ती जोडी सोयीची. वेस्लियन, शिकागो, कोलंबिया, बर्कली, ऑस्टिन, इलिनॉय ही नावंही यादीत ठेवा. अर्जांच्या शेवटच्या तारखा बहुतेक डिसेंबरात किंवा जानेवारीच्या सुरुवातीला येतात. अर्जाची फी एकेका ठिकाणी साधारण ७५ ते १२५ डॉलर, सहा अर्ज म्हणजे घरच्या बजेटला धक्का. फी माफीसाठी लिहा. मागितली तर बऱ्याचदा मिळते, आणि मागितल्याने अर्जावर परिणाम होत नाही. भत्त्यासकट प्रवेश आला तर उत्तर द्यायला बहुतेक विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत मुदत देतात. त्याआधी घाईने होकार देऊ नका.

इंग्लंडची रीत वेगळी. तिथे एम.ए. एक वर्षाची, आणि पीएच.डी.ला जाताना संशोधनाचा आराखडा आधीच तयार लागतो. लंडनच्या सोआस या विद्यापीठात फेलिक्स शिष्यवृत्ती भारतीय विद्यार्थ्यांसाठी आहे. कॉमनवेल्थ शिष्यवृत्ती आहे, चेव्हनिंग आहे. चेव्हनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात.

सरकारी परदेश शिष्यवृत्त्यांबद्दल एक सावधगिरी. अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त वगैरे गटांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, पण २०२२ मध्ये तिच्या नियमांत बदल करून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावर आधारित सामाजिक अभ्यासाचे विषय वगळले गेले. आपला विषय नेमका त्यातच बसतो. माझ्या मते हा फार चुकीचा बदल होता. ज्यांच्या घरात ही गाणी आहेत त्याच मुलांना त्या गाण्यांवर शिकायला पैसा नाही, असा त्याचा अर्थ होतो. अर्ज करण्याआधी त्या वर्षीचं परिपत्रक शब्द न शब्द वाचा. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि आदिवासी विकास विभागाची योजना यांचे नियम स्वतंत्र आहेत, तेही बघा.

आणि इथेच राहून करायचं असेल तरी ती दुय्यम वाट नव्हे. मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे, पुण्याचं ललित कला केंद्र आहे, बडोद्याची परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी खान्देशातून एका रात्रीच्या प्रवासावर आहे, दिल्लीत जेएनयूमध्ये कला आणि सौंदर्यशास्त्राचं स्कूल आहे. संगीतात नेट-जेआरएफ निघाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये फेलोशिप मिळते. बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय या राज्याच्या संस्थांच्याही पीएच.डी. फेलोशिप आहेत, आपापल्या गटाप्रमाणे जाहिरातीवर लक्ष ठेवा. इथे पीएच.डी.ला नोंदणी झाल्यावर फुलब्राइट-नेहरू डॉक्टोरल रिसर्च फेलोशिपवर सहा ते नऊ महिने अमेरिकेत जाऊन काम करता येतं. घरातून पाच वर्षं बाहेर राहणं शक्य नसलेल्या मुलींना मी आधी हीच वाट सुचवते. गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं एथ्नोम्युझिकॉलॉजीचं संग्रहालय आहे, १९८२ मध्ये पुण्यात सुरू झालेलं. देशभरातली क्षेत्रमुद्रणं तिथे बसून ऐकता येतात. अर्जाआधी आठवडाभर तिथे जाऊन बसलात तर चांगलं मुद्रण आणि चांगली नोंद कशी असते हे कोणी शिकवायची गरज राहणार नाही.

गेल्यावर

पहिलं सत्र जड जातं. आठवड्याला तीनशे-चारशे पानं वाचन, आणि चर्चेत बोलावं लागतं. मी पहिला महिना जवळजवळ गप्प होते, कारण वाक्य मनात इंग्रजीत जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. मग मी वर्गाला जाण्याआधी एक प्रश्न कागदावर लिहून न्यायला लागले आणि तो पहिल्या दहा मिनिटांतच विचारून टाकायचा असं ठरवलं. तेवढ्याने सुटलं. वाद्यवृंदातही बसावं लागेल. परक्या संगीतात स्वतः हात घालून शिकावं, हा विचार मँटल हूड या अमेरिकी अभ्यासकाने १९६० मध्ये जोरात मांडला आणि तो अजून टिकून आहे. मी दोन वर्षं इंडोनेशियातल्या जावाचं गॅमेलान, म्हणजे मुख्यतः काशाच्या वाद्यांचा वृंद, वाजवलं. तिथे सुरांचे थर एकमेकांवर चढताना ऐकले, तेव्हा आमच्या गल्लीतल्या दोन रांगा मला नव्याने ऐकू आल्या. त्यावरच माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण झालं.

क्षेत्रकार्याला परत गावी आलात की लोक विचारतील, "अमेरिकामा हाई गाना शिकाडतस का?" नीट उत्तर द्या, बसून द्या. तुमच्या कामाचा अर्थ त्यांना कळणं हा त्यांचा हक्क आहे. मानधनाचं आधीच बोला. आणि मुद्रणाची प्रत परत द्या. मी प्रत्येक घराला एक पेन ड्राइव्ह दिला, त्यावर कोणाचं गाणं, कोणतं साल ते देवनागरीत चिकटवून. ज्यांच्याकडे संगणक नव्हता त्यांच्यासाठी तीच गाणी एमपी३ करून टाकली, कारण ट्रॅक्टरच्या आणि छोट्या स्पीकरच्या यूएसबीला वेव्ह फाइल बऱ्याचदा चालत नाही. "तुटाले नको" म्हणणारी आजी आता नाही. तिच्या सुनेच्या घरी श्रावणात तो पेन ड्राइव्ह लावतात, आणि बायका समोर बसून तिची ओळ शेवटच्या दोन अक्षरांवर उचलतात.